स्विचवर व्हीलॅन केले आणि सगळ्या खोल्यांचं नेट गेलं

सुपारीबाग | शनिवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. गुहागरला आमचं घर आणि घराला लागून सहा खोल्यांचा होमस्टे आहे. नेटवर्किंग हा माझा प्रांत नाही. जन्मभर बँकेत होतो, निवृत्तीनंतर हा उद्योग मागे लावून घेतला.

आधी पार्श्वभूमी सांगतो. दिवाळीत सगळ्या खोल्या भरलेल्या होत्या. आमच्या भिंती जांभ्याच्या, त्यातून वायफाय पलीकडे जात नाही, म्हणून प्रत्येक खोलीत लॅनचा सॉकेट दिलाय. एका पाहुण्यांनी स्वतःचा राउटर आणला होता, तो त्यांनी त्या सॉकेटला जोडला. पण वायर वॅनच्या (बाहेरचं नेट आत घ्यायच्या) भोकात घालायची ती लॅनच्या (आतली यंत्रं जोडायच्या) भोकात घातली. अर्ध्या तासात बिलाचा संगणक, प्रिंटर, टीव्ही सगळं बंद. कॅमेरे दिसेनात. दोन दिवस मी फायबरवाल्याच्या नावाने खडे फोडले, तो बिचारा दोनदा येऊन डबा बदलून गेला. तिसऱ्या दिवशी ते पाहुणे गेले आणि सगळं आपोआप सुरू! तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला: त्यांचा राउटर आमच्या सगळ्या यंत्रांना स्वतःचेच आयपी, म्हणजे नेटवर्कमधले पत्ते, वाटत बसला होता.

त्याच आठवड्यात एक कॉलेजातला मुलगा घावने खाता खाता सहज म्हणाला, "काका, तुमच्या खळ्यातला कॅमेरा माझ्या मोबाइलवर दिसतोय." पासवर्ड खोक्यातून आलेलाच ठेवला होता मी. काय बोलणार.

भाचा म्हणाला व्हीलॅन करा, म्हणजे नेटच्या वायरी जोडणाऱ्या स्विचचे आतून वेगवेगळे भाग करा. १६ पोर्टचा स्मार्ट स्विच आणला. वेब पानावर जाऊन तीन व्हीलॅन केले: १० घर, २० पाहुणे, ३० कॅमेरे. पोर्ट १ ला फायबरचा डबा. २ ते ४ घर. ५ ते १० खोल्या. ११ ते १४ कॅमेरे आणि १५ ला त्यांचा रेकॉर्डर. १६ ची वायर मागच्या मांगरात (शेडमध्ये) जाते, तिथे एक साधा पाच पोर्टचा स्विच आहे, त्यावर मांगरातलं वायफाय आणि एक कॅमेरा.

ज्या पोर्टला जो व्हीलॅन हवा त्यात तो 'अनटॅग्ड' केला आणि मुळात सगळे ज्यात असतात त्या व्हीलॅन १ मधून काढला. पोर्ट १ मात्र सगळ्यांत ठेवला. आता खोल्यांत कोणालाच आयपी मिळत नाही. दिवा लुकलुकतो, पण नेट नाही. पुढच्या शनिवारी बुकिंग आहे. काय चुकलं?

नवखा_७ | शनिवार, रात्री १०.५२

वाचतोय. आमच्याकडे हर्णैला हाच घोळ आहे, म्हणून खूण ठेवतो.

दर्याकिनारा | शनिवार, रात्री ११.०५

साहेब, एवढा उपद्व्याप कशाला? पाहुण्यांसाठी दुसरं फायबर कनेक्शन घ्या. वेगळा डबा, वेगळी वायर, विषय संपला. सहा खोल्यांना व्हीलॅन म्हणजे उंदराला मारायला बंदूक.

केबलमास्तर | शनिवार, रात्री ११.३०

दर्याकिनारा, दुसरं कनेक्शन हा मार्ग वाईट नाही, पण मांगरात एकच वायर गेलेली आहे आणि तिच्यावर पाहुणेही हवेत, कॅमेराही हवा. तिथे दुसऱ्या कनेक्शनचा काही उपयोग नाही. शिवाय स्विच घेऊन झालाय.

सुपारीबाग, एक प्रश्न. त्याच वेब पानावर 'पीव्हीआयडी' नावाचा वेगळा तक्ता असेल. त्यात काय आकडे आहेत? पैज लावतो, सगळीकडे १ असणार.

सुपारीबाग | शनिवार, रात्री ११.३८

सगळीकडे १! हे काय असतं? मला वाटलं कंपनीचा काहीतरी नंबर असेल.

केबलमास्तर | रविवार, रात्री १२.२०

मूळचा चिपळूणचा, त्यामुळे आंब्याच्या भाषेत सांगतो.

हंगामात एकाच ट्रकमध्ये पाच बागायतदारांच्या पेट्या वाशीला जातात. प्रत्येकाच्या पेटीवर आपापला मार्का असतो. ट्रकवाल्याला आंबा कोणाचा याच्याशी देणंघेणं नसतं. वाशीला गाळ्यावर मार्का बघून पेट्या वेगळ्या होतात. ज्या वायरवरून एकाहून जास्त व्हीलॅन जातात ती वायर म्हणजे तो ट्रक, आणि मार्का म्हणजे टॅग. हा टॅग चार बाइटचा असतो. पहिले दोन बाइट हेक्समध्ये ८१००, म्हणजे 'पुढे मार्का आहे' एवढीच खूण. उरलेल्या दोन बाइटांतले तीन बिट प्राधान्याचे, एक बिट गर्दी झाली तर आधी टाकून द्यायच्या फ्रेमसाठी (फ्रेम म्हणजे आपली पेटी) आणि बारा बिट व्हीलॅनच्या नंबराचे. बारा बिटांत ४०९६ आकडे बसतात, ० आणि ४०९५ राखीव, म्हणून वापरायला ४०९४. हे सगळं ८०२.१क्यू नावाच्या मानकात आहे, ते पहिल्यांदा १९९८ मध्ये आलं.

पण तुमचा बिलाचा संगणक, पाहुण्यांचा लॅपटॉप, कॅमेरा, यांना मार्का मारता येत नाही. ते कोरी पेटी पाठवतात. मग स्विचने ती पेटी कोणाच्या नावावर धरायची? ते पीव्हीआयडी सांगतो. आत येणाऱ्या कोऱ्या फ्रेमला कुठला व्हीलॅन लावायचा, हा पीव्हीआयडी. बाहेर जाताना टॅग ठेवायचा की काढायचा, हे टॅग्ड-अनटॅग्ड. दोन वेगळे तक्ते, दोन वेगळ्या दिशा. महागड्या स्विचवर पोर्टला 'ॲक्सेस व्हीलॅन २०' म्हटलं की दोन्ही गोष्टी एकदम होतात. स्वस्तातल्या स्मार्ट स्विचवर दोन्ही हाताने करायच्या आणि दुसरी हमखास राहते.

आता तुमच्याकडे काय झालं बघा. खोलीतल्या लॅपटॉपने आयपीसाठी हाक मारली. पोर्ट ५ चा पीव्हीआयडी १, म्हणून ती हाक व्हीलॅन १ मध्ये गेली. पोर्ट १ सगळ्यांत आहे, त्यामुळे डब्यापर्यंत पोचली. डब्याने उत्तर दिलं, तेही व्हीलॅन १ मध्येच शिरलं. पण पोर्ट ५ व्हीलॅन १ चा सदस्यच नाही, तुम्ही काढलात. उत्तर दाराशी येऊन परत. हाक जाते, ओ येत नाही.

धामापूरचो | रविवार, सकाळी ७.१०

मास्तरांनी सांगितलं ते बरोबर. मी मालवण-कुडाळकडे कॅमेऱ्याची कामं करतो, हा पीव्हीआयडी मला पण एकदा रात्री दोनपर्यंत बसवून गेला होता.

पण काका, पीव्हीआयडी बदलताना एक सांभाळा. ज्या पोर्टला तुमचा लॅपटॉप आहे तो शेवटपर्यंत १ मध्येच ठेवा. नायतर स्विचचा पानच उघडूचा नाय.

सुपारीबाग | रविवार, सकाळी १०.१५

धामापूरचो, तुमचा निरोप मी आत्ता वाचला. काल रात्रीच उत्साहाच्या भरात सगळे पीव्हीआयडी बदलून टाकले, लॅपटॉपच्या पोर्टसकट. आता स्विचचं पान उघडत नाही. घरातल्यांचंही नेट गेलंय. हिने विचारलंय, सुधारणा अजून किती बाकी आहेत म्हणून.

धामापूरचो | रविवार, सकाळी १०.२२

काय्येक झाला नाय. घाबरू नका. स्विचच्या मागे किंवा पुढे बारीक भोक असेल, रीसेट लिहिलेलं. वहिनींची सेफ्टी पिन घ्या, स्विच चालू असताना दिवे एकदम लुकलुकेपर्यंत दाबून ठेवा. मग लॅपटॉपला हाताने आयपी द्या, स्विचच्या तळाला चिकटवलेल्या कागदावर त्याचा पत्ता असतो, त्याच्याच गल्लीतला. पत्ता १९२.१६८.०.१ असेल तर लॅपटॉपला १९२.१६८.०.५० द्या.

खाजणातली | रविवार, सकाळी ११.४५

सुपारीबाग, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून माझी कथा सांगते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी नेटवर्क बघायचे. प्रवेशाचे दिवस, बाहेर धो धो पाऊस. मुख्य इमारतीतून मागच्या इमारतीला फायबर गेलेली, त्या ट्रंकवरून (मास्तरांच्या भाषेत ट्रक) आधीच सात-आठ व्हीलॅन चालू. त्यात एक नवा, ५० नंबरचा घालायचा होता. मी माझ्या खुर्चीत बसून मागच्या इमारतीतल्या स्विचवर टाइप केलं 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ५०' आणि एंटर.

मध्ये 'ॲड' हा शब्द राहिला होता.

ज्यांनी सिस्को कंपनीचे स्विच हाताळलेत त्यांना इथेच घाम फुटला असेल. 'ॲड' म्हटलं तर आधीच्या यादीत ५० मिसळतो. नुसतं म्हटलं तर आधीची यादी पुसून फक्त ५० उरतो. मागची अख्खी इमारत गेली, आणि ज्या व्हीलॅनवरून मी त्या स्विचशी बोलत होते तोही गेला, म्हणजे चूक दुरुस्त करायलाही वाट नाही. छत्री, लॅपटॉप आणि स्विचला थेट जोडायची कन्सोलची निळी वायर पोटाशी धरून मी मैदान ओलांडत धावले. रांगेतले पालक बघत होते.

त्यानंतर लांबच्या स्विचला हात लावण्याआधी मी कायम 'रीलोड इन १०' देते. दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होतो आणि सेव्ह न केलेले बदल उडून जुनं सगळं परत येतं. काम नीट झालं तर 'रीलोड कॅन्सल'. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवर हेच काम सेफ मोड करतो. तुमच्या स्मार्ट स्विचवर असं काही नसणार, तिथे सेफ्टी पिनच!

केबलमास्तर | रविवार, दुपारी १२.०५

'ॲड' शिवायचा ट्रंक! प्रत्येकाने एकदा तरी केलेला असतो, कबूल करणारे थोडे.

सुपारीबाग | रविवार, सायंकाळी ६.३०

रीसेट झाला. या वेळी वहीत तक्ता काढून मग हात लावला. पीव्हीआयडी मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे: २-४ ला १०, ५-१० ला २०, ११-१५ ला ३०. लॅपटॉप पोर्ट ४ वर, तो अजून १ मध्येच.

आता गंमत अशी की खोल्यांत अजूनही आयपी नाही. घरात पोर्ट २ वरही नाही. फक्त पोर्ट ४ वर नेट येतंय.

केबलमास्तर | रविवार, रात्री ९.००

म्हणजे स्विच आता अगदी बरोबर वागतोय. राग येईल वाचून, पण खरं आहे.

तुम्ही तीन वाड्यांमध्ये गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, घातलेत. गडगा चिरेबंदी आहे. पण बेडं, म्हणजे फाटक, कुठेच ठेवलं नाहीत. व्हीलॅन म्हणजे एका स्विचचे तीन स्विच करणं. तिन्हींचा एकमेकांशी संबंध शून्य. प्रत्येकात आयपी वाटणारा कोणीतरी हवा आणि प्रत्येकातून बाहेर जायला वाट हवी. ही दोन्ही कामं स्विचची नाहीत, राउटरची आहेत. तुमचा फायबरचा डबा हा राउटर आहे, पण त्याला व्हीलॅन २० म्हणजे काय हे माहीत नाही. त्याला फक्त कोरी पेटी कळते. पोर्ट १ चा पीव्हीआयडी १, म्हणून त्याची उत्तरं व्हीलॅन १ मध्येच येणार. पोर्ट १ चा पीव्हीआयडी २० केलात तर पाहुण्यांना नेट मिळेल आणि तुम्हाला नाही.

यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ इथेच तोंडघशी पाडतात. स्विचचं पान दाखवतात, 'झाले व्हीलॅन' म्हणतात आणि नमस्कार करतात.

मध्ये एक व्हीलॅन समजणारा राउटर घ्या. मायक्रोटिकचा पाच पोर्टचा हेक्स पुरेल, किंवा घरात ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायची मोफत प्रणाली) चालणारा जुना राउटर पडला असेल तर फुकटात. त्याच्या पोर्ट १ ला फायबरचा डबा. पोर्ट २ वरून स्विचच्या पोर्ट १ ला एकच वायर, आणि त्या वायरवर १०, २०, ३० तिन्ही टॅग्ड. हा तुमचा ट्रक. राउटरवर तीन व्हीलॅन इंटरफेस:

१० ला १९२.१६८.१०.१
२० ला १९२.१६८.२०.१
३० ला १९२.१६८.३०.१

तिन्हींवर वेगळा डीएचसीपी, म्हणजे आयपी वाटणारी सेवा. पत्त्यातला तिसरा आकडा आणि व्हीलॅनचा नंबर सारखा ठेवला की सहा महिन्यांनी रात्री अकरा वाजता काही बिघडलं तरी पत्ता बघूनच कळतं की हे कुठल्या वाडीतलं आहे.

नवखा_७ | रविवार, रात्री ९.२०

डब्यातही राउटर आणि हाही राउटर, म्हणजे दोनदा भाषांतर होणार ना पत्त्यांचं? चालतं?

केबलमास्तर | रविवार, रात्री ९.४१

चालतं. दुहेरी नॅट म्हणतात त्याला. बाहेरून आत काही उघडायचं असेल तरच त्रास. फायबरवाल्याला सांगून डबा ब्रिज मोडमध्ये टाकून, म्हणजे त्यातलं राउटरचं काम बंद करून घेतलं तर उत्तम, नाही ऐकलं तर राहू द्या. फक्त डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर आपण ती गल्ली कुठेच वापरायची नाही.

दर्याकिनारा | रविवार, रात्री १०.०३

बघा, स्विच झाला, आता राउटर. मी आपलं सांगितलं होतं. उद्या म्हणतील मांगरातला स्विचही बदला.

केबलमास्तर | रविवार, रात्री १०.१०

तो बदलावाच लागणार आहे. मी उद्यासाठी राखून ठेवलं होतं.

धामापूरचो | रविवार, रात्री १०.३०

हां, तो मांगर. साध्या स्विचला व्हीलॅन कळत नाही. टॅग लावलेली फ्रेम आली तर बहुतेक साधे स्विच ती तशीच पुढे ढकलतात, मार्का काढत नाहीत. कॅमेऱ्याला मार्क्याची पेटी मिळते, ती उघडायची कशी त्याला माहीत नाही. पाच पोर्टचा स्मार्ट स्विच घ्या, फार खर्च नाही. दोन्ही टोकांना २० आणि ३० टॅग्ड. मांगरात वायफायच्या पोर्टला २० अनटॅग्ड, कॅमेऱ्याच्या पोर्टला ३०, आणि पीव्हीआयडी विसरू नका!

आणि काका, घर ते मांगर वायर तांब्याची आहे ना? किती लांब?

सुपारीबाग | सोमवार, सकाळी ८.००

साधारण ६० मीटर. बागेतून, पोफळींना बांधत नेलीय. वानरांनी दोनदा तोडली. मागच्या जूनमध्ये वीज पडली तेव्हा मांगरातला स्विच आणि कॅमेरा दोन्ही गेले, घरातल्या टीव्हीचा एक पोर्टही गेला.

धामापूरचो | सोमवार, सकाळी ८.४०

६० मीटर म्हणजे शंभरच्या आत, अंतराचा प्रश्न नाही. पण तांब्याची वायर म्हणजे मांगरात पडलेली वीज घरात आणून सोडायची सोय. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, आधी तिथे फायबर टाका. दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर, तांब्याची वायर आणि फायबर जोडणारे. काचेतून वीज येत नाही. मात्र ज्याच्या आत आधाराला लोखंडी तार असते ती फायबर घेऊ नका, नायतर परत तोच पाढा. टॅग कन्व्हर्टरमधून जसेच्या तसे जातात, व्हीलॅनचं काही बदलावं लागत नाही. आणि वायर पाइपातून जमिनीखालून न्या. वानराला काच आणि तांबं यातला फरक कळत नाही, त्याला फक्त तोडायला काहीतरी हवं.

सुपारीबाग | गुरुवार, रात्री ९.१५

राउटर आणि छोटा स्विच मंगळवारी चिपळूणहून आणले. बुधवारी भाचा आला. मास्तरांनी दिलेला तक्ता समोर ठेवून संध्याकाळपर्यंत सगळं केलं. खोलीत १९२.१६८.२०.११ मिळाला. मला एवढा आनंद एफडीचा व्याजदर वाढला तेव्हाही झाला नव्हता.

रात्री अडीचला लाईट गेली. इन्व्हर्टर टीव्ही आणि पंख्याला आहे, स्विचला नाही. सकाळी उठून बघतो तर खोल्यांत नेट नाही. स्विच उघडला, व्हीलॅनचा तक्ता कोरा! पोर्ट सगळे १ मध्ये.

लाईट गेल्यावर स्विच विसरतो का?

खाजणातली | गुरुवार, रात्री ९.३०

'सेव्ह' दाबलं होतंत? 'अप्लाय' नाही म्हणते मी. वरच्या कोपऱ्यात किंवा अगदी शेवटच्या पानावर वेगळं बटण असतं.

सुपारीबाग | गुरुवार, रात्री ९.३४

आहे. वरच्या कोपऱ्यात. लाल रंगात. मी समजलो फ्लॉपीचं चित्र म्हणजे काहीतरी जुनं असेल.

खाजणातली | गुरुवार, रात्री ९.५०

'अप्लाय' म्हणजे चालत्या मेंदूत टाकणं, 'सेव्ह' म्हणजे वहीत उतरवणं. सिस्कोवर हेच रनिंग कॉन्फिग आणि स्टार्टअप कॉन्फिग. आपल्याकडे एमएसईबी ही चाचणी रोज फुकट घेते. काम झालं, सेव्ह केलं, की स्वतः एकदा प्लग काढून घालून बघायचं. आणि कॉन्फिगची फाइल संगणकावर उतरवून घ्या. पुढचा स्विच विजेत गेला तर त्याच मॉडेलवर फाइल चढवून दहा मिनिटांत उभे राहाल.

सुपारीबाग | शुक्रवार, सायंकाळी ५.२०

पुन्हा सगळं केलं. सेव्ह केलं. प्लग काढून घातला. टिकलं!

आता दोन तक्रारी. एक, पाहुण्यांच्या वायफायला जोडून मी १९२.१६८.३०.१५ हा रेकॉर्डरचा पत्ता टाकला तर तो उघडला. मग वेगळं काय झालं? दोन, माझ्या मोबाइलवरून दिवाणखान्यातल्या टीव्हीवर काही पाठवायचं तर टीव्ही सापडतच नाही.

केबलमास्तर | शुक्रवार, रात्री ८.४५

पहिली तक्रार महत्त्वाची. राउटरने तिन्ही वाड्यांना बेडं ठेवलं, पण बेडं सताड उघडं आहे. राउटरचं कामच ते, ज्या गल्ल्या त्याला माहीत त्यांच्यात ये-जा करू देणं. अडवायचं काम फायरवॉलचं. नियम या क्रमाने, कारण वरून खाली वाचले जातात:

आधीच सुरू झालेल्या बोलण्याची उत्तरं जाऊ द्या. १० मधून ३० मध्ये जाऊ द्या, तुम्हाला कॅमेरे बघायचेत. १० आणि २० मधून बाहेर इंटरनेटला जाऊ द्या. ३० मधून बाहेर फक्त रेकॉर्डरला जाऊ द्या, तेही मोबाइलवर बघायचं असेल तरच. बाकी सगळं बंद.

पहिला नियम विसरलात तर तुम्ही कॅमेऱ्याला हाक माराल आणि त्याचं उत्तर शेवटचा नियम खाईल. तीच आपली जुनी 'ओ येत नाही' गोष्ट.

आता लोक जिथे गाफील राहतात ती जागा. वरचे नियम राउटरच्या आरपार जाणाऱ्यांसाठी, मायक्रोटिकवर त्याला फॉरवर्ड साखळी म्हणतात. खुद्द राउटरशी बोलणाऱ्यांची इनपुट साखळी वेगळी. ती मोकळी राहिली तर पाहुणा १९२.१६८.२०.१ टाकून थेट राउटरच्या लॉगिन पानावर पोचतो. २० कडून राउटरकडे फक्त डीएचसीपी आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) येऊ द्या, बाकी बंद. ३० ला यांच्या जोडीला एनटीपी, म्हणजे घड्याळ लावायची सेवा, आणि ती राउटरवर चालूही करा. कॅमेऱ्यांचं इंटरनेट बंद केल्यावर त्यांचं घड्याळ हळूहळू सरकत जातं. उद्या चोरी झाली आणि चित्रात वेळ चाळीस मिनिटं मागची असेल तर पोलिसांना काय सांगणार?

दुसरी तक्रार. मोबाइल टीव्हीला शोधतो तो 'इथे कोणी आहे का' अशी आरोळी देऊन. ती आरोळी २२४.०.०.२५१ या पत्त्यावर जाते आणि आपल्या व्हीलॅनच्या बाहेर राउटर ती नेत नाही. तुमचा मोबाइल सध्या कुठल्या वायफायवर आहे?

सुपारीबाग | शुक्रवार, रात्री ९.०५

पाहुण्यांच्या. तपासायला जोडला होता, तसाच राहिला.

केबलमास्तर | शुक्रवार, रात्री ९.०७

मग झालंच.

नवखा_७ | शुक्रवार, रात्री ९.३०

एक शंका. नंबर १०, २०, ३० च का? २, ३, ४ चालले नसते?

खाजणातली | शुक्रवार, रात्री ९.४८

चालतात. मध्ये जागा सोडायची सवय, उद्या खोल्यांच्या टीव्हींना वेगळा करावासा वाटला तर २१ करता येतो. फक्त सिस्कोवर १००२ ते १००५ ला हात लावू नका. ते टोकन रिंग आणि एफडीडीआय या जुन्या नेटवर्क पद्धतींसाठी राखून ठेवलेत. ती यंत्रं मी उभ्या नोकरीत पाहिली नाहीत, पण त्यांच्या खोल्या अजून बुक आहेत.

दर्याकिनारा | शुक्रवार, रात्री १०.१५

हा विनोद गुहागरकरांनी बुकिंगच्या वहीत लिहून ठेवावा.

पण मूळ भानगडीचं काय? पाहुण्याचा उलटा जोडलेला राउटर परत आला तर? खोल्या सगळ्या २० मध्येच आहेत ना?

सुपारीबाग | शनिवार, दुपारी १२.५०

दर्याकिनारा, तुमचा प्रश्न वाचून झोप उडाली. पाहुणे यायच्या आधी सकाळी प्रयोगच केला. माळ्यावरचा जुना राउटर काढला, खोली नंबर ४ मध्ये मुद्दाम लॅनच्या भोकात वायर घातली. घरात काही फरक नाही, बिलं निघाली, कॅमेरे चालू. पण खोली ५ मध्ये भाच्याच्या लॅपटॉपला १९२.१६८.०.३ मिळाला आणि नेट गेलं. म्हणजे आग आता पाहुण्यांच्या वाडीतच राहते, पण विझत नाही.

खाजणातली | शनिवार, दुपारी १.१५

छान प्रयोग. आता स्विचवर 'डीएचसीपी स्नूपिंग' शोधा. व्हीलॅन २० साठी चालू करा आणि विश्वासू पोर्ट फक्त १, म्हणजे राउटरकडचा. आयपी वाटायचा हक्क त्या एकाच दाराला. बाकी पोर्टवरून कोणी आयपी वाटू लागला तर स्विच ती उत्तरं गिळून टाकतो. मात्र त्याच खोलीत त्या पाहुण्याच्या राउटरला जोडलेल्यांचं नेट चालणार नाही, ते त्यांच्या कर्माने.

दुसरं, पोर्ट आयसोलेशन मिळालं तर ५ ते १० एकमेकांशी न बोलता फक्त १ शी बोलतील असं करा. मांगरातल्या वायफायवर क्लायंट आयसोलेशन. एका खोलीतल्या पाहुण्याला दुसऱ्या खोलीतला लॅपटॉप दिसायचं काही कारण नाही.

सुपारीबाग | शनिवार, दुपारी ३.४०

स्नूपिंग सापडलं. पुन्हा तोच उलटा राउटर जोडला. खोली ५ ला १९२.१६८.२०.१४. दहा मिनिटं वाट बघितली, लॅपटॉप बंद करून चालू केला, तरी २०.१४. आयसोलेशनही केलं. सेव्ह दाबलं, दोनदा. फाइल उतरवून घेतली. कॅमेऱ्यांचे पासवर्ड बदलले, स्विचचा आणि राउटरचाही.

पोर्टचा तक्ता कागदावर लिहून स्विचच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधली. फायबरचं काम मे महिन्यात करतो, पाइप आत्ताच टाकून घेतो, गडी बागेत आहेतच. पाहुणे साडेचारला येतायत. मास्तर, बाई, धामापूरचो, कधी इकडे आलात तर जेवायला या. दर्याकिनारा, तुम्हीसुद्धा.

धामापूरचो | शनिवार, सायंकाळी ४.०५

येतलंय. चिठ्ठीवर पारदर्शक टेप गुंडाळा काका, नायतर जुलैपर्यंत दमटपणाने शाई उतरते. आणि पिनांना खारी हवा लागून हिरवट गंज धरतो, म्हणून रिकाम्या सॉकेटना रबरी बूच लावा.

नवखा_७ | शनिवार, सायंकाळी ४.३०

माझा तक्ता वहीत काढायला घेतलाय. आमच्याकडे डबा, साधा स्विच आणि परत साधा स्विच आहे. काढून झालं की वेगळा धागा टाकतो.